काल म्हणजे कधी

१

मंगळवारी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी जामखेडच्या केबलवर साल तेवीसशे अकरा लागलं, आणि तिथूनच सगळं सुरू झालं, असं प्रज्ञा आजही सांगते. वेळ तिला पक्की ठाऊक आहे, कारण घड्याळ व्हीसीआरच्या बरोब्बर वर टांगलेलं होतं आणि दुपारची सिरीयल वेळेवर लागली नाही की गल्लीतली माणसं दाराशी येऊन भांडत.

केबलची खोली म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. खाली शहाबादी फरशी, फळीवर एक टीव्ही, खाली व्हीसीआर, बाजूला लाल दिवे लुकलुकणारे दोन डबे. खिडकीतून काळ्या वायरी बाहेर पडायच्या आणि खांबाखांबावरून गावभर जायच्या. खांबावर चढायचं, गच्चीवरची छत्री हलवायची हे काम तिच्या नवऱ्याचं, जालिंदरचं. कॅसेट लावायची, संपली की उलटी फिरवून ठेवायची, टीव्हीवर मुंग्या आल्या की स्पिरिटच्या फडक्यानं हेड पुसायचं, हे काम प्रज्ञाचं. सातवी झालेल्या बाईला हे कसं जमलं म्हणून माहेरची माणसं कौतुक करायची. ती म्हणायची, त्यात काय, भाकरी उलटण्यासारखंच आहे, वेळ चुकली की करपतं.

हे सगळं अडीच वर्षांच्या गौतमीला सांभाळून. पोर कॅसेटच्या रिकाम्या खोक्यांची घरं करत फरशीवर बसलेली असायची.

त्या सिरीयली जालिंदरनं नगरहून आणल्या होत्या. तिथल्या एका केबलवाल्यानं धंदा बंद केला, त्याच्याकडून बारदानात भरून. बाहेरच्या देशातल्या, हिंदीत बोलणाऱ्या, आभाळात फिरणाऱ्या माणसांच्या. तीन वेगवेगळ्या होत्या, पण एकमेकींत गुंतलेल्या. गावानं त्यांना आपली नावं पाडली, विमानवाली, स्टेशनवाली आणि बर्फवाली. एकीत म्हातारा असलेला माणूस दुसरीत तरणा असायचा. प्रज्ञा आधी हाताला येईल ती कॅसेट लावायची. मग लोकांनी जालिंदरला खांबावरून खाली बोलावून झापलं.

"जालिंदर, तुझा कप्तान परवा मेला आन् आज लगीन करतोय व्हय रं?"

"दुसरपणाचं असंल," जालिंदर म्हणाला, पण घरी येऊन त्यानं प्रज्ञाला सांगितलं, "पत्तेक कॅसेटीच्या तोंडाला पांढऱ्या आकड्यात साल येतंय. त्ये बघून लाव. आधीचं साल आधी."

तिनं ते मनावर घेतलं. एकेक कॅसेट थोडी चालवून साल बघायचं आणि भिंतीशी चळत लावायची. सगळ्यांना साल मिळालं. एकच राहिली. तिच्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसत्या मुंग्या होत्या. ना आकडा, ना आवाज. ही आधीची का नंतरची, ते कळेना, म्हणून तिनं ती फळीच्या टोकाला निराळी ठेवली.

तिन्ही सिरीयलींत एक बाई होती, ती कधी दिसायची नाही. विमानाचा आवाज म्हणजे ती. दरवाजे बंद, हवा कम, असं काहीबाही सपाट सुरात सांगायची. शंभर वर्षं पुढं जा नाहीतर मागं जा, आवाज तोच.

त्या मंगळवारी कप्तान काचेपाशी गप्प उभा होता. कुणीच बोलत नव्हतं. आणि ती बाई हळूच म्हणाली, "काल. दूद."

प्रज्ञाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. कारण काल तिचं दूध खरंच उतू गेलं होतं.

२

तिनं कॅसेट मागं फिरवून पाहिली. होतं. कप्तान, काच, गप्पपणा, आणि "काल. दूद."

संध्याकाळी तिनं जालिंदरला ऐकवलं. तो पायातले खांबावर चढायचे आकडे सोडत होता.

"काल म्हंजे टाइम," तो म्हणाला. "शुद्ध हिंदी हाय ती. इमानातला टाइम सांगतीया बाई."

"आन् दूद?"

"तिला च्या प्यायचा आसंल."

सासू, कडूबाई, आतून हसली. "तुज्या उतू गेल्याल्या दुदाची बातमी पार आभाळात पोचली म्हन की."

प्रज्ञाही हसली. घाबरट ती होतीच. गौतमी झाल्यापासून जास्तच. रात्री उठून पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. पण घाबरली तरी जायचं कुठं? देवऋषी, अंगारा, लिंबू हे त्यांच्या घरात नव्हतं. कडूबाईच्या सासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातली सगळी देव-भुतं एका दिवसात उठवून लावली होती, आणि कडूबाईला त्याचा फार अभिमान. तिची आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापानं तिचं नाव कडू ठेवलेलं. ती म्हणायची, "नावानं मी जगले न्हाई, मी टिच्चून जगले."

तेव्हा प्रज्ञानं मनाची समजूत घातली. समज, ती बाई काल घडलेलं सांगते. सांगू दे. झालेलं झालं. झालेल्याला भ्यायचं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मांजरानं दुधाचं पातेलं पाडलं. फरशीभर दूध. गौतमी त्यात पाय बुडवून नाचली आणि तिच्या पायाचे पांढरे ठसे थेट अंगणापर्यंत उमटले. तिच्या उजव्या पायाची अंगठ्याशेजारची दोन बोटं जन्मापासून चिकटलेली. ठशातही ती जोडूनच उमटायची.

"आई, बाल पलाली," ती म्हणाली. बाळ म्हणजे ती स्वतः. तिला ळ यायचा नाही, र यायचा नाही. आणि आजचा दिवस सोडला तर बाकीचे सगळे दिवस तिला एकच. पुढच्या आठवड्यात मामाकडं टेम्पोनं जायचं ठरलं होतं, तर ती रोज विचारायची, "बाल काल गाडीत?"

"काल न्हाई गं, मंगळवारी," कडूबाई म्हणायची. "हिचा काल कवा उगवायचा आन् कवा मावळायचा, बुद्धालाच ठावं."

दूध पुसताना प्रज्ञाला कालची सिरीयल आठवलीसुद्धा नाही.

३

मग एका दुपारी बर्फवालीत, माणसं वादळात अडकलेली असताना, ती बाई म्हणाली, "काल. साप."

प्रज्ञानं आठवून पाहिलं. आदल्या दिवशी शेजारच्या नबीलालच्या लाकडाच्या वखारीत साप निघाला होता, पोरांनी ओरडून गल्ली डोक्यावर घेतली होती. बसलं बरोबर. त्यातल्या त्यात तिला बरंच वाटलं. कालचंच सांगते बिचारी.

दुसऱ्या दिवशी जालिंदरनं वायरीचं वेटोळं उचलायला हात घातला, आणि त्यातलं एक वेटोळं हललं. मण्यार होती. तो मागं उडी मारून दाराच्या चौकटीवर आपटला. कडूबाईनं ती काठीनं बाहेर काढली. दिवसभर घरात तेवढाच विषय. तरीही प्रज्ञानं दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. माणसाला एकदा एक उत्तर मिळालं की ते दुसरं शोधत नाही.

ते दुसरं उत्तर इमामबीनं दिलं. नबीलालची बायको, पन्नाशीची, दुपारी मेथीची जुडी घेऊन केबलच्या खोलीत निवडायला यायची. घरच्या टीव्हीपुढं नातवंडं बसू देत नाहीत म्हणायची. त्या दिवशी स्टेशनवाली लागली होती. कुणीतरी कुणाला तरी निरोप देत होतं. मध्येच ती बाई म्हणाली, "काल. बाल. पानी."

प्रज्ञानं गौतमीकडं पाहिलं. मग तिनं आठवलं. काल तिनं गौतमीला न्हाऊ घातलं होतं. "बघा चाची," ती म्हणाली, "काल बाळाला आंगुळ घातली, त्ये सांगतीया. ही बाई कालचं सांगती."

इमामबीनं काडी बाजूला ठेवली. "काल कुटं म्हनली ती? कल म्हनली."

"तेच की. काल."

"न्हवं गं. सगळी सिरीयल हिंदीत बोलतीया, ती एकटी मराठी कशाला बोलंल? आमच्यात कल म्हंजे काल बी आन् उद्या बी. आन् बाल म्हंजे क्येस. उद्या क्येस धुवायचे आसतील तिला, आनिक काय." इमामबी स्वतःच्या विनोदावर हसली आणि पुन्हा मेथी निवडू लागली.

प्रज्ञा हसली नाही. ती फरशीकडं बघत होती. दूध काल उतू गेलं होतं, पण सांडलं दुसऱ्या दिवशी. साप वखारीत काल निघाला होता, पण घरात दुसऱ्या दिवशी.

गौतमी खोक्यांच्या घरातून मान वर करून टीव्हीकडं बघत होती. "बाल," ती आनंदानं म्हणाली, आपलं नाव ऐकल्यासारखी.

४

"उद्या मी घराबाहेर पडणार न्हाई," तिनं रात्रीच्या जेवणाला सांगितलं. "आन् गौती बी पडणार न्हाई. घरात थेंबभर पाणी ठिवायचं न्हाई."

जालिंदरनं घास खाली ठेवला. "उद्या टँकर हाय. लोकं पाण्यासाठी मरत्यात आन् तू हाय त्ये वतून देतीस?"

"वतून देत न्हाई. चाचीकडं नेऊन ठिवते. परवा परत आणते."

"प्रज्ञे, आपल्यात ह्ये मानत न्हाईत."

"मी मानत न्हाईच. मी फकस्त दार लावणार हाय."

कडूबाई सुनेकडं बघत राहिली. मग म्हणाली, "लावू दे. दार लावाया काय दीक्षा मोडत न्हाई."

प्रज्ञा भ्यालेली होती, पण हातांना काम सुचत होतं, आणि हे तिलाही नवीन होतं. इतकी वर्षं भीती वाटायची ती कशाची ते ठाऊक नसायचं. आता ठाऊक होतं. दोन शब्दांची होती. दोन शब्दांपुढं बाई उभी राहू शकते. सकाळी तिनं रांजण, पिंप, कळशा, घागरी, जर्मलची पातेली, सगळं इमामबीच्या पडवीत नेऊन ठेवलं. रांजण उपडा घातला. मोरीच्या भोकात चिंधी कोंबली. प्यायला एक तांब्या, तोही उंच फळीवर.

त्या गल्लीत टँकर आला की पाणी आडात सोडायचे आणि मग बाया शेंदून घ्यायच्या. प्रज्ञा नेहमी गौतमीला आडाच्या कठड्याला लागून असलेल्या दगडावर बसवून रांगेत उभी राहायची. आज नाही. आज आत्या, म्हणजे सासू, जाईल.

मग तिनं केबलच्या काळ्या वायरीचा तुकडा घेतला. एक टोक गौतमीच्या कमरेला, कपड्याची घडी मध्ये घालून, दुसरं आपल्या मनगटाला. पोरीच्या वाळ्यात वायर अडकायला लागली तेव्हा वाळे काढून डब्यात ठेवले आणि झाकण दाबलं.

"बाल गाय," गौतमी म्हणाली. तिला मजा वाटत होती.

"व्हय, गाय. गाय आज दावणीला."

५

जालिंदर खांबावर गेला. "बारा-चाळीसला लाव बरं का," जाताना म्हणाला. "न्हाई तर लोकं दार मोडतील, आन् तू तर कडी लावून बसणार."

टँकरचा हॉर्न वाजला. गल्लीत घागरींचा खणखणाट उठला. कडूबाई कळशी घेऊन गेली. प्रज्ञानं कडी लावली, ओढून पाहिली, आणि टीव्हीपुढं मांडी घालून बसली. गौतमी मांडीवर. पोर खेळून दमली होती, तिथंच पेंगली.

प्रज्ञानं पुढच्या सालाची कॅसेट आत ढकलली. व्हीसीआरनं ती बाहेर टाकली. पुन्हा ढकलली. पुन्हा बाहेर. त्याच्या पुढची लावली, तीही बाहेर. घड्याळाचा काटा सरकत होता. तिची नजर फळीच्या टोकाकडं गेली.

ती बिनसालाची कॅसेट व्हीसीआरनं गपकन गिळली.

मुंग्या. सगळ्या जामखेडच्या टीव्हीवर त्या वेळी मुंग्याच आल्या, हे नंतर पुष्कळांनी सांगितलं. शिव्याही दिल्या. पण प्रज्ञा जवळ बसली होती, आणि तिला मुंग्यांच्या मागं काहीतरी आहे असं वाटायला लागलं. पातळ पडद्यामागं खोली असावी तसं. एक चौकोन होता. तो दारासारखा होता. आतून कडी लावलेल्या दारासारखा.

मग वाळे वाजले.

तिनं खाली पाहिलं. गौतमीचे पाय उघडे होते. डबा फळीवर होता, झाकण लागलेलं होतं. वाळे टीव्हीत वाजत होते. छुम, छुम, थांबून छुम. अडीच वर्षांचं पोर चालतं तसे.

बाहेर एकदम गलका झाला. बायकांची एकच किंकाळी, मग धावणारे पाय. कडूबाईच्या आवाजात कुणीतरी हाक मारली, "प्रज्ञे, प्रज्ञे गं, भाईर ये." हाक आत्याचीच होती. पण बाहेरून कुणाचीही हाक आली तरी दार उघडायचं नाही, हे तिनं सकाळीच ठरवलं होतं. ती हलली नाही. वायर मनगटावर आणखी एक वेढा घेऊन घट्ट केली.

तेव्हा ती बाई बोलली. विमानातली. तोच सपाट, मोठ्या बाईचा आवाज, पण शब्द विचारून-विचारून काढल्यासारखे.

"आई. बाल घली."

आणि लाईट गेली.

६

टीव्हीची काच काळी झाली. काळ्या काचेत खोली दिसते, सगळ्यांनाच माहीत आहे. प्रज्ञाला आपलं डोकं दिसलं, मांडीवरचं गाठोडं दिसलं, मागचं दार दिसलं.

काचेत दार उघडं होतं.

दारात कुणीतरी उभं होतं. केवढं, ते कळेना. एकदा वाटे चौकटीला डोकं लागतंय, एकदा वाटे कडीच्याही खाली आहे. उजेड त्याच्या पाठीमागं होता, तोंड दिसेना. प्रज्ञानं मागं वळून पाहिलं नाही. तिनं मनाशी पक्कं केलं होतं की काही झालं तरी मांडीवरचा हात काढायचा नाही, आणि वळलं की हात सुटतो.

फरशीवर ओले पाय वाजले. थप, थप. आपल्याकडून टीव्हीकडं, का टीव्हीकडून आपल्याकडं, तिला सांगता येईना. मनगटाला वायरीचा हिसका बसला. एकदाच. पाण्यात सोडलेल्या बादलीचा दोराला बसतो तसा. तिनं दोन्ही हातांनी धरलं, टाचा फरशीत रोवल्या, आणि ओढलं. 

किती वेळ गेला? चहाला उकळी यावी एवढाच असेल. तिला वाटलं, पोर मोठं व्हावं एवढा.

दारावर थापा पडल्या. "प्रज्ञे, मी हाय. उघड," जालिंदर. पाठोपाठ लाईट आली, आणि टीव्हीवर पुन्हा मुंग्या. दाराची कडी लागलेलीच होती. गौतमी मांडीवर गाढ झोपली होती. पाय कोरडे.

फरशीवर ठसे होते.

प्रज्ञाच्या गुडघ्याशी लहान, पुढं जरा मोठे, आणखी मोठे, आणि व्हीसीआरच्या फळीखाली मोठ्या बाईच्या पायाएवढे. ओले. उजव्या पायाची दोन बोटं चिकटलेली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. काहींची बोटं टीव्हीकडं होती, काहींची तिच्याकडं. जाणारे होते आणि येणारे होते, एकावर एक पडलेले. शहाबादी फरशीवर पाणी किती टिकतंय? कडेकडेनं सुकत चालले होते.

कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे, एवढाच प्रश्न होता. सगळं त्यावर होतं.

प्रज्ञानं पुष्कळ सालं लावली होती. तिनं हेही लावलं. "आधी गेली," ती मोठ्यानं म्हणाली, "मग आली." ज्या क्रमानं तिनं सांगितलं, त्या क्रमानंच झालं पाहिजे, अशा आवाजात. मग उठून दार उघडलं.

७

आडाचा कठडा आत गेला होता. टँकरचा पाईप सोडला आणि गर्दीच्या रेट्यानं ढासळला, आणि त्याला टेकलेला दगडही गेला. माणूस कुणी गेलं नाही. कडूबाईची कळशी तेवढी गेली.

"रोज जितं हिला बसवतीस," कडूबाई म्हणाली, आणि गौतमीला जवळ ओढलं. जरा वेळानं प्रज्ञानं विचारलं, "आत्या, तुमी मला हाक मारली व्हय?" कडूबाईनं नकारार्थी मान हलवली. तिच्या तोंडून तेव्हा शब्दच फुटला नव्हता म्हणे.

जालिंदरला फळीखालचे एक-दोनच ठसे दिसले. "तुझंच पाय," तो म्हणाला. प्रज्ञानं आपला कोरडा पाय त्याच्यापुढं धरला. त्यानं पाहिलं, आणि पुन्हा त्या गोष्टीवर थट्टा केली नाही. मनगटावरचा काळा वळ तिला कितीतरी दिवस होता.

दुसऱ्या दिवसापासून कॅसेटी व्हीसीआरनं मुकाट्यानं घेतल्या. प्रज्ञा सालाप्रमाणं लावत गेली. सगळं पूर्वीसारखंच होतं, फक्त ती बाई बोलत नव्हती. कप्तान विचारायचा, हवा किती उरलीय, आणि उत्तराएवढी जागा रिकामी जायची. मग तो मान हलवून पुढचं बोलायचा. आधी ऐकलेल्या कॅसेटीही तिनं पुन्हा लावून पाहिल्या. तिथंही नाही. जालिंदर म्हणाला, हेड झिजलं. त्यानं पुढं सगळा माल एका फिरत्या व्यापाऱ्याला देऊन टाकला. त्याच्याकडून तो कुठं कुठं गेला, किती ठिकाणी त्याच्या नकला निघाल्या, कुणाला माहीत.

आणि गौतमी. टँकरनंतरच्या सकाळी ती उठली, डोळे चोळले, आणि म्हणाली, "आई, बाळ उद्या गाडीत जाणार?"

ळ होता. र होता. आणि उद्या खरंच मंगळवार होता.

कडूबाईला कोण आनंद झाला. तिनं ते गल्लीभर सांगितलं. प्रज्ञानं पोरीला जवळ घेतलं, तिचा पाय हातात धरून चिकटलेली बोटं पाहिली, मग तिच्या डोळ्यांत पाहिलं. गौतमी खूप लांबून आलेल्या पाहुण्यासारखी आईकडं बघत होती, आणि ओळख पटल्यासारखी हसली. प्रज्ञानं काही विचारलं नाही. आलेल्या माणसाला आधी भाकरी घालायची, कुठून आलास ते मागून. तिनं भाकरी कुस्करून दुधात घातली.

एक गोष्ट मात्र तिला अजून झोपू देत नाही. त्या कॅसेटींच्या नकला कुठंतरी असतील. एखाद्या गावात, एखाद्या दुपारी, ती, टीव्हीत जाऊन मोठी झालेली आपलीच पोर, अजूनही बोलत असेल, आपण घरी पोचलोय हे तिला ठाऊक नसेल. म्हणून प्रज्ञा केबलवाल्यांना सांगते, बाजारात भेटेल त्या बाईला सांगते, आणि पुढं सांगायला लावते. तुमच्याकडं ती "काल" म्हणाली, तर ते कालचं समजू नका, आपलं पोर जवळ घ्या. पण टीव्ही लगेच बंद करू नका. तिला मराठीत सांगा, सावकाश, लहान पोराला सांगतात तसं.

तिला सांगा, बाळ घरी आलंय.